लहान धंदा आणि मोठी जबाबदारी

(संस्थेच्या महोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी संस्थेच्या चालकांनी मला बोलाविले आणि विषय दिला तो मात्र कायद्याचा व हिशेबाचा. सणाच्या दिवशी अपघाताची भाषा काढावी काय, अशी शंका कोणालाही येईल. पण या विषयाला याहून योग्य सभा मिळणे कठीण आहे. समोर बसलेल्या मंडळींपैकी कोणाची तारिहाळला फौंड्री आहे, कोणाचे गोकुळ रोडला लेथचे वर्कशॉप आहे, कोणाची पिठाची गिरणी, कोणाचा मिरची कांडप, कोणाचा छापखाना, कोणाचे सराफी दुकान आणि त्यामागे कारागिरांची खोली, कोणाचे दोन टेंपो. शंभर माणसांचा कारखाना आपल्यांत फार थोड्यांचा. बाकी सारे तीन, पाच, सात माणसांचे धनी, आणि त्यांतले पुष्कळसे स्वतःच गड्यांबरोबर पाना हातात घेऊन उभे राहणारे.

अशा लहान धंदेवाल्याच्या तोंडून एक वाक्य हटकून ऐकू येते. “आम्ही लहान माणसे, आम्हांला तो कायदा लागू नाही.” माझ्या आजच्या बोलण्याचा सारा रोख या एका वाक्यावर आहे. हे वाक्य अर्धे खरे आहे. पण जे अर्धे खोटे आहे, ते प्रसंग आला की दुकान, घर आणि मुलांचे शिक्षण सारे एका झटक्यात धुऊन नेते.

प्रथम खरे काय आहे ते पाहू. कामगार राज्य विमा, ज्याला आपण सर्व ईएसआय म्हणतो, त्याची योजना सामान्यपणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या जागेला लागू होते. सात माणसांच्या वर्कशॉपला ती आपोआप लागू होत नाही. कारखान्याच्या व्याख्येचेही तसेच. १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेला दहा आणि विजेशिवाय चालणाऱ्या जागेला वीस माणसांची मर्यादा होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या, त्यांत ही मर्यादा वीस आणि चाळीस अशी वाढविण्यात आली. म्हणजे परवापर्यंत कारखाना गणल्या जाणाऱ्या कित्येक जागा आज त्या व्याख्येतून बाहेर पडल्या. या सवलती खऱ्या आहेत आणि लहान माणसाला कागदपत्रांच्या कटकटीतून थोडी उसंत मिळाली, याबद्दल कोणी वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

पण कामावर माणूस जखमी झाला किंवा दगावला तर त्याची भरपाई कोणी द्यावयाची, हा प्रश्न या सवलतींच्या बाहेरचा आहे. त्यासाठी आपल्या देशात १९२३ साली स्वतंत्र कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्या वेळी आपला धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. तेव्हा या गावाला हा कायदा नवा नाही, शंभर वर्षे उलटून गेली. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असे झाले, आणि आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका प्रकरणाच्या रूपाने सामावला आहे. त्या प्रकरणाच्या व्याप्तीबद्दल संहितेत जे म्हटले आहे ते प्रत्येक लहान मालकाने पाठ करून ठेवावे. जेथे ईएसआयचे प्रकरण लागू होत नाही, तेथील मालकांना व कामगारांना हे प्रकरण लागू आहे. अर्थ उघड आहे. पहिल्या दारातून जो सुटला, तो दुसऱ्या दाराशी उभाच आहे.

याचा व्यवहारी अर्थ आकड्यांनी सांगतो, कारण आपण व्यापारी माणसे. समजा, एका वर्कशॉपमध्ये अकरा माणसे आहेत आणि प्रत्येकाचा पगार महिना १२,००० रुपये आहे. ईएसआयसाठी मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के, म्हणजे माणशी ३९० रुपये, आणि कामगाराने पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये दरमहा भरावयाचे. उद्या अपघात झाला तर औषधोपचार, पगाराचा मोबदला, आणि दुर्दैवाने मृत्यू झाला तर कुटुंबाचे निवृत्तिवेतन, हे सारे विमा महामंडळ पाहते. मालकावर १९२३ च्या कायद्याप्रमाणे वेगळा दावा चालत नाही.

आता शेजारच्या वर्कशॉपात सात माणसे आहेत. मालकाचे महिना ३९० रुपये माणशी वाचले, एकूण २,७३० रुपये वाचले. तो खूश आहे. त्याच्याकडील तीस वर्षांचा एक गडी यंत्रावर दगावला. कायद्याचे गणित असे आहे: पगाराचा निम्मा भाग घ्यावयाचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणावयाचा. तीस वर्षांचा गुणक २०७.९८ आहे. सहा हजार गुणिले २०७.९८ म्हणजे १२,४७,८८० रुपये. गडी जिवंत राहिला पण कायमचा पूर्ण निकामी झाला, तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात. ती रक्कम होते १४,९७,४५६ रुपये. नुसता अंगठा गेला तर कमावण्याच्या शक्तीची हानी तीस टक्के मानतात. त्याचे साधारण साडेचार लाख रुपये. पंचवीस वर्षांच्या पोराचा गुणक याहूनही मोठा, कारण त्याच्या आयुष्याची कमाई अधिक शिल्लक असते.

ही रक्कम धंद्याच्या आकारावर ठरत नाही, माणसाच्या पगारावर आणि वयावर ठरते. सात माणसांच्या मालकाला सात माणसांपुरती आणि सातशेच्या मालकाला सातशेपुरती, असा भेद त्यांत नाही. मृताच्या घरी तरी भेद कोठे असतो? धनी लहान होता म्हणून विधवेची चूल कमी लाकडांवर पेटत नाही. म्हणून ज्याला आपण सूट म्हणतो, ती सूट नव्हे. वर्गणी भरण्याचे टळले म्हणजे आपण स्वतःच विमा कंपनीच्या खुर्चीवर जाऊन बसलो. आणि त्या खुर्चीवर बसण्याइतके भांडवल आपल्यांतल्या कोणाच्या गल्ल्यात आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता या बाबतीत बाजारात ज्या समजुती चालतात त्या एकेक घेऊ.

पहिली समजूत माणसांच्या संख्येची. जुन्या कायद्यात काही कामांना वीस माणसांसारख्या अटी होत्या, ही गोष्ट खरी. वस्तू बनविणे, दुरुस्त करणे, सजविणे, विक्रीयोग्य करणे अशा कामांना ती अट होती, आणि म्हणून आपल्या वाडवडिलांपैकी कित्येक शिंपी व सराफ मंडळी त्यातून बाहेर राहिली. २००९ च्या दुरुस्तीने अशा अटी काढून टाकल्या. पण वडिलांच्या तोंडची समजूत मुलाने वारशात घेतली आणि ती मात्र कोणी दुरुस्त केली नाही. कोणती कामे कायद्यात येतात याची एक यादी आहे आणि सगळेच व्यवसाय त्यांत बसतात असे नाही. पण विजेवर उत्पादन चालते ती जागा, वाहन, बांधकाम, चढउताराचे काम अशी आपल्या गावातील जोखमीची बहुतेक कामे त्यांत आहेत. आणि ज्याचे काम यादीत नाही त्याच्यासाठीही दिवाणी कोर्टाचा दरवाजा उघडाच असतो. मालकाच्या हयगयीने इजा झाली असेल तर तेथे दाद मागता येते.

दुसरी समजूत: “तो रोजंदारीवर होता, हजेरीपटावर त्याचे नावच नव्हते.” पूर्वीच्या कायद्यात नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द होते, पण तेसुद्धा जो मालकाच्या धंद्याव्यतिरिक्त दुसऱ्या कामाला लावला असेल त्याच्यापुरतेच. २००० सालच्या दुरुस्तीने तेही गेले. हजेरीपटावर नाव नसणे हा मालकाचा बचाव होत नाही, तो मालकाविरुद्धचा पुरावा होतो.

तिसरी समजूत: “चूक त्याचीच होती.” या कायद्यात चूक कोणाची हा मूळ प्रश्नच नाही. काम करीत असताना आणि कामाच्या संबंधाने अपघात झाला, एवढे पुरे. तीन अपवाद आहेत. माणूस दारू किंवा मादक पदार्थाच्या अमलाखाली होता, सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्राचे संरक्षक झाकण जाणूनबुजून काढले, आणि त्यामुळेच इजा झाली, तर मालक सुटू शकतो. पण मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हे तिन्ही अपवाद मालकाच्या कामी येत नाहीत. शिवाय स्पष्टपणे दिलेला हुकूम म्हणजे काय? आपला गडी कन्नड बोलणारा, अलीकडे बिहार-ओडिशाकडचाही असतो. भिंतीवर इंग्रजी पाटी लावली आणि काम संपले असे मानणाऱ्याने, ती पाटी त्याला वाचता येते काय, हे आधी विचारावे.

चौथी समजूत: “माणूस माझा नव्हे, मुकादमाचा.” आपल्या धंद्याचेच काम कंत्राटदाराकडून करून घेतले आणि त्याचा माणूस जखमी झाला, तर भरपाईची मागणी थेट मूळ मालकाकडे करता येते. मालकाने आधी द्यावयाचे आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावयाचे, अशी कायद्याची योजना आहे. अमरगोळच्या मार्केट यार्डात किंवा आपल्या गोदामात पोती उतरविणारे हमाल मुकादम पुरवितो. त्यांचा पगार आपण देत नाही म्हणून त्यांच्या पाठीच्या कण्याशी आपला संबंध नाही, असे होत नाही.

पाचवी समजूत सर्वांत घातक, आणि ती बहुधा चांगल्या माणसांचीच असते: “आम्ही चार वडीलधाऱ्यांसमक्ष आपसात मिटविले.” गडी दगावला, मालक हळहळला, तेराव्याला जाऊन त्याने कुटुंबाच्या हाती दोन लाख रुपये ठेवले, कागदावर अंगठे घेतले. मन मोकळे झाले. पण कायद्याप्रमाणे मृत्यूच्या बाबतीत भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर हातात दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरलीच जात नाही. पुढे दोन वर्षांच्या आत कुटुंबाने मागणी केली तर पूर्ण रक्कम पुन्हा भरावयाची पाळी येते. हक्क सोडून दिला असा लेख कोणी करून दिला तरी तो रद्द समजला जातो. यांत मालकाला छळण्याचा हेतू नाही. शोकात बुडालेल्या आणि अक्षरशत्रू विधवेकडून कोणी थोडक्यात सही घेऊ नये, आणि पैसे दीर-भावजयीच्या हाती पडून तिच्या लेकरांना पोचलेच नाहीत असे होऊ नये, यासाठी ती तजवीज आहे.

दिरंगाईबद्दलही सांगतो. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत भरली नाही तर बारा टक्के व्याज लागते, आणि सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही बसू शकतो. देय केव्हा होते, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच निर्णय दिला आहे. एका सिनेमागृहात शोभेचे लाकूडकाम करणारा सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाने म्हटले, हा नैमित्तिक कंत्राटी माणूस, शिवाय चूक त्याचीच. आयुक्तांनी ते मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा या सुतारापुरते हे पूर्ण अपंगत्व आहे, असे ठरले. महिना १२० रुपये पगारावर ९,८०० रुपये भरपाई आणि तिच्या निम्मा, म्हणजे ४,९०० रुपये, दंड झाला. मालक वरपर्यंत गेला. न्यायालयाने सांगितले की, भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हुकूम होईपर्यंत थांबण्याचा मालकाला अधिकार नाही. हा मालक काही मोठा गिरणीवाला नव्हता. दोन थिएटरांचा धनी होता. आपल्यासारखाच.

दुसरा निर्णय ताजा आहे आणि तो मराठी मुलखातला आहे. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ सालच्या एप्रिलमध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना काही किलोमीटरवर असताना अपघातात गेला. प्रकरण बावीस वर्षे चालले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कामाशी संबंध स्पष्ट असेल तर घरून कामावर येतानाचा अपघातही कामावरचाच समजावा. नव्या संहितेत तर तसे कलमच आहे. म्हणजे आपली जबाबदारी वर्कशॉपच्या शटरपाशी संपते, हीही समजूत आता सोडावी लागेल.

मंडळी, हे ऐकून कोणी म्हणेल, सरकारने लहान माणसाला पुरते कोंडीत पकडले. ही तक्रार अगदीच निराधार नाही. मोठ्या कारखान्याला सल्लागार असतो, वकील असतो, विम्याचा हप्ता मालाच्या किमतीत बसवता येतो. लहान धंदेवाल्याचे सारे डोक्यावर आणि तोंडी. अमेरिकेतील काही राज्यांनी म्हणूनच अगदी लहान मालकांना सक्तीच्या विम्यातून वगळले आहे. जॉर्जियात तीनपेक्षा कमी, अलाबामात पाचपेक्षा कमी माणसे असतील तर सक्ती नाही. पण तेथेही वगळलेल्या मालकावर जखमी कामगार साध्या कोर्टात फिर्याद करू शकतो, आणि तेथे रकमेला तक्त्याची मर्यादाही नसते. तात्पर्य, अपघाताचा खर्च कायद्याच्या सवलतीने नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी अंगावर पडतोच. मालकाच्या, नाही तर विमेदाराच्या, नाही तर त्या गड्याच्या बायकोच्या. शेवटची जी आहे, तिला या हिशेबात कोणीही विचारलेले नसते.

हा विचार परदेशातून आला असे समजण्याचेही कारण नाही. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा नारायण मेघाजी लोखंडे यांनी भरविली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. रविवारची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार यांबरोबर त्यांत एक मागणी होती: कामावर इजा झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. योगायोग असा की, त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने अपघात विम्याचा कायदा केला. तेथे प्रत्येक धंद्यातील मालकांनी आपापली मंडळे करावी, वर्गणी गोळा करावी आणि कोणाच्याही कारखान्यातील अपघाताची भरपाई त्या सामायिक निधीतून द्यावी, अशी योजना झाली. एकाचे संकट सर्वांनी वाटून घ्यावे, हे तिचे सूत्र. मुंबईच्या मागणीला मात्र कायद्याचे रूप यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. त्या सुमारास मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे नारायण मल्हार जोशी होते. पुढे प्राध्यापक अडारकर यांनी १९४४ साली आरोग्य विम्याची योजना सरकारला सादर केली आणि तिच्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. या तिन्ही टप्प्यांवर मराठी माणसे आहेत. तेव्हा या विषयात मराठी समाजाने मागे राहणे शोभणारे नाही.

आता करावे काय, ते थोडक्यात सांगतो.

एक, विमा उतरावा. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी मिळते. हप्ता कामाच्या जोखमीवर आणि एकूण पगारावर ठरतो. तो उतरविताना सर्व माणसे आणि खरा पगार दाखवावा. सात माणसे असताना चार दाखविली, बारा हजार पगार असताना सात हजार लिहिला, तर वाचलेला हप्ता क्षुल्लक आणि नेमक्या प्रसंगी पॉलिसी तोकडी. २००९ पासून औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडे आला आहे. तो पॉलिसीत आहे काय, हे वाचून पाहावे. बहुधा त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते. टेंपोवाल्यांनी वाहनाच्या पॉलिसीत चालक व क्लीनर दोघेही धरले आहेत काय, ते पाहावे. आणि लक्षात ठेवावे की, दिरंगाईचा दंड विमा कंपनी भरीत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली वाहनमालकांच्या बाबतीत ठरविले आहे.

दोन, दहापेक्षा कमी माणसे असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असेल तर ईएसआयमध्ये स्वेच्छेने जाण्याची वाट नव्या संहितेत ठेवलेली आहे. विचार करून पाहावा. सात माणसांचे २,७३० रुपये आणि बारा-पंधरा लाखांची टांगती तलवार, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत, म्हणजे निर्णय सोपा जातो.

तीन, हजेरीपट व पगाराची नोंद ठेवावी, पगार शक्यतो बँकेतून द्यावा. यंत्राचे झाकण कामाच्या घाईत काढून ठेवण्याची जी वाईट खोड आहे, ती मालकाने स्वतःपासून मोडावी. गडी मालकाच्या पाटीकडे पाहत नाही, मालकाच्या हाताकडे पाहतो. सूचना कन्नडमध्ये आणि हिंदीत लिहाव्यात, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी तोंडी समजावून सांगाव्यात. भरपाई माणसाचा हात परत आणीत नाही. झाकण हात वाचविते.

चार, आणि हे विशेष महत्त्वाचे: मालकाने स्वतःची सोय करावी. या सर्व कायद्यांत मालक हा कामगार नव्हे. लेथवर उभा राहणारा धनी, भागीदारीतला भाऊ, बिनपगारी हातभार लावणारा पुतण्या, यांचा हात गेला तर त्यांना भरपाई देणारा कोणी नाही. यंत्र मात्र मालक कोण आणि गडी कोण हे पाहत नाही. खऱ्या अर्थाने कायद्याने सूट दिली आहे ती याच माणसाला, आणि ती सूट म्हणजे उघड्यावर सोडणे आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये जातात, आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख रुपये मिळतात. अठरा ते सत्तर वर्षांच्या प्रत्येकाने ती घ्यावी. पण घर चालविणाऱ्याला दोन लाख कितीसे पुरणार? म्हणून वैयक्तिक अपघाताची स्वतंत्र पॉलिसी मालकाने घ्यावी, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरच्या मंडळींना सांगून ठेवावे. येथे बसलेल्या भगिनींनी आज घरी गेल्यावर हा प्रश्न अवश्य विचारावा.

शेवटी संस्थेविषयी दोन शब्द. आपल्यासारख्या विश्वस्त संस्था शिष्यवृत्त्या देतात, वसतिगृहे चालवितात, अडल्यानडल्याला मदत करतात. मदतीच्या अर्जांत ‘वडील कामावर अपघातात गेले’ असे वाक्य असते तेव्हा समितीची मने द्रवतात आणि पाच-दहा हजार मंजूर होतात. हे पुण्यकर्म आहेच. पण त्या मुलाचे कोठे तरी बारा लाखांचे येणे असताना आपण त्याला दहा हजारांचे दान देत असलो, तर ते दान अपुरे आहे. दानाने उपकार होतो, देण्याने हक्क मिळतो. उपकार घेणारा मान खाली घालतो, हक्काचे घेणारा ताठ उभा राहतो. संस्थेने अशा कुटुंबाला शिष्यवृत्तीबरोबर दोन वर्षांच्या मुदतीची आठवण करून द्यावी, अर्ज लिहून द्यावा, सोबत एक जाणता माणूस पाठवावा. यासाठी निधी लागत नाही, वेळ लागतो.

तसेच सभासद मालकांची एक सभा घेऊन सर्वांनी मिळून विमा कंपनीशी बोलणे करावे. एकेकटा लहान मालक तेथे गेला तर त्याचे कोणी ऐकत नाही. पन्नास वर्कशॉपे एकत्र गेली तर अटी समजावून सांगायला अधिकारी स्वतः येतील. १८८४ साली जर्मनीच्या मालकांना जे कायद्याने करावे लागले, ते आपण स्वखुशीने आणि समाजबंधुत्वाने करू शकतो. आणि सुरुवात घरापासून व्हावी. संस्थेचा स्वतःचा स्वयंपाकी, पहारेकरी, कार्याच्या दिवशी शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावणारा मुलगा, यांचा विमा आहे काय, ही गोष्ट विश्वस्तांनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे. तो मुलगा कायद्याच्या यादीत बसतो की नाही याचा काथ्याकूट वकील करतील. तो आपल्या कार्यासाठी शिडीवर चढला, एवढे आपल्याला पुरे.

लहान असणे हा कमीपणा नाही. या गावाचा उद्योग रेल्वेच्या कारखान्याच्या सावलीत, अशाच लहान लहान हातांनी वाढला. पण लहान असणे ही जबाबदारीतून सूटही नाही. आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाच्या घरी संध्याकाळी कोणी तरी वाट पाहत असते, एवढे ध्यानात ठेवून आपण धंदा केला, तर कायद्याचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही.